मुलगा बरा आहे

नाही नाही, विष्णुपंत, बसा — चप्पल काय शोधून राहिले, अजून तर पहिली फिल्मही सांगून झाली नाही. जे सांगीन ते खरं सांगीन, नर्मदामाईची शपथ, अन् ही शपथ मैयाच्या गावात, मदन महाल मोहल्ल्यात बसून घेऊन राहिलो, मतलब मैयाला सगळं ऐकू जाते. काल चारच्या शोला हॉल खचाखच भरला होता, दोनशे माणसं, अन् शेवटच्या सीनला दोनशेच्या दोनशे रडून राहिली होती. दोनशे नाही. दोनशे खुर्च्या असतील म्हणा. माणसं अकरा होती, त्यातली चार एसीसाठी आलेली, अन् रडला एकच. तो कोण ते सांगतो की — त्याच्याबद्दलच तर विचारायला आले तुम्ही. असे दचकू नका. तुम्ही दारात म्हणाले, मंडळाच्या फळ्यावर तुमची फिल्मांवरची मतं वाचली, म्हटलं ओळख करून घ्यावी. अच्छा. नागपूरहून भल्या पहाटे गाडी काढून, इस्त्रीचा शर्ट घालून, संत्र्याची पेटी घेऊन फिल्मबद्दल गप्पा मारायला कोणी येते का, भाईसाहब? समृद्धीचे मामा ना तुम्ही? मला कालच कळलं, नागपूरहून मुलीकडचे लोक येणार म्हणून. कोणी सांगितलं? आलोकनंच. इंटरव्हलमध्ये, पॉपकॉर्न खाता खाता. चौकशीला कोण येणार हे ज्याची चौकशी व्हायची तोच सांगून गेला — लिहून ठेवा मनात, पोरगा पोटात काही ठेवू शकत नाही. हा झाला पहिला मुद्दा.

पेटीला हात लावत नाही मी, तुम्ही जाताना न्या — बरं, ठेवता म्हणता तर ठेवा. प्रतिमा, दोन चहा, अन् माझ्यात साखर घाल, डॉक्टर इथे बसलेला नाही. ही आमची प्रतिमा, आत वड्यांची डाळ वाटून राहिली. मिक्सर चालू आहे तोवर आपण मोकळे, त्याचा आवाज इतका आहे की शेजारचे रेडिओ बंद करतात. अन् मी शालिग्राम काटोलकर, नोकरी सरकारी, गेल्या वर्षी स्वखुशीनं सोडली. ऑफिसात माझं नाव होतं ते सुट्टीच्या अर्जांसाठी. सगळ्यांचे अर्ज मीच लिहायचो. माझ्या अर्जांत लोकांच्या आज्या तीन-तीनदा वारल्या, अन् दर वेळी साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं. असं लिहिता येणं ही सोपी गोष्ट नाही.

तर फळा. मंडळाच्या वाचनालयाबाहेर जो काळा फळा तुम्ही पाहिला त्यावर आधी सुविचार असायचे. सुविचार लिहिणारे गुरुजी गेले, फळा रिकामा पडला, मी खडू उचलला. बारा वर्षं झाली. दर रविवारी सकाळी एक फिल्म, एक ओळ, अन् ओळीच्या शेवटी शेरा. शेरे तीन — ‘वाया’, ‘बरा’, अन् ‘पाहाच’. सहाशे फिल्मा झाल्या — पाचशे म्हणा, मध्ये हॉलच बंद होते — अन् बारा वर्षांत ‘पाहाच’ एकदाही लिहिलं नाही. लोक म्हणतात, शालिग्रामजींना काही आवडतच नाही. आवडते ना, काहून नाही आवडणार? पण चांगलं अन् फार चांगलं यांच्यामध्ये एक बोटभर फट असते, अन् मी त्या फटीत राहायला गेलो आहे. भाडं लागत नाही तिथे. कोणी वरून पाडत नाही, कोणी खालून हसत नाही. अन् ‘बरा’ या शब्दात जी ताकद आहे ना, विष्णुपंत, ती शिवीत नाही. शिवी दिली की समोरचा शिवी देतो, भांडण होते, दोन दिवसांनी दोघं ओमतीच्या चौकात एका ठेल्यावर चाट खातात. ‘बरा’ म्हटलं की समोरच्याला धरायला काहीच राहत नाही. आपल्या लोकांत चौकशीला आलेल्या माणसाला कोणी वाईट सांगते का? पाप लागते. मुलगा चांगला असला तर म्हणायचं, डोळे मिटून द्या. नसला तर म्हणायचं, मुलगा बरा आहे. संपलं. येणारा चहा संपवतो, उठतो, घरी जाऊन सांगतो की पत्रिका जुळत नाही. तुम्हीही हे काम पहिल्यांदा करून राहिले नसाल — मान हलवली ना, मग तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

चलो, आधी फिल्मा, कारण फिल्मा सांगितल्याशिवाय पोरगा सांगता येत नाही. तीन वर्षं झाली, दर शनिवारी माझ्या शेजारच्या खुर्चीत तोच बसलेला असतो. काहून? त्यानं एकदा फळ्यापाशी मला अडवलं. म्हणाला, “काका, सगळं बरा-बरा काहून लिहिता? एकदा मला घेऊन चला, मी पण पाहतो काय कमी पडते.” मी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बापाचं, चंद्रशेखरचं नाक, चंद्रशेखरचे कान, अन् डोळे — डोळ्यांचं राहू द्या. मनात म्हटलं, शालिग्राम, देव स्वतः पाय धुऊन तुझ्या दारात आला. याचं लग्नाचं वय होईल, याच्या चौकशीला कोणीतरी येईल, अन् तेव्हा याला जवळून ओळखणारा माणूस कोण, तर मी. मी म्हटलं, चल बेटा. तीन वर्षं लोकांना वाटलं मी पडदा पाहून राहिलो. मी त्या पोराला पाहून राहिलो होतो.

मागच्या महिन्यातली ती न्यायाधीशाची फिल्म घ्या. रिटायर झालेला न्यायाधीश, त्यानं तिसेक वर्षांपूर्वी एका निर्दोष माणसाला जेलात पाठवलं, आता त्याला ते समजलं, अन् तो माफी मागायला त्याच्या गावी जातो. पहिला अर्धा भाग — मी सांगतो तुम्हाला — असा भाग मी वर्षात पाहिला नाही. म्हातारा त्या घरासमोर बाजेवर बसून राहतो, आत कोणी बोलावत नाही, बाहेर कोणी हाकलत नाही. वीस मिनिटं नुसती त्याची पाठ दिसते, अन् त्या पाठीत सगळं दिसते. मी खिशात खडू चाचपला होता, खरंच, म्हटलं आज ‘पाहाच’ लिहावं लागते काय. अन् मग शेवटी काय करतात? दार उघडते, तो जेल भोगलेला माणूस बाहेर येतो, अन् एक लोटा पाणी देतो. झालं. माफ. मागून व्हायोलिन. अरे, अकरा वर्षं जेल अन् एका लोट्यात माफी? इतकी स्वस्त? निदान त्याला उन्हात बसव आठ दिवस, निदान विचार की इतके दिवस कुठे होतास. मी रागानं चहा अर्धा टाकला त्या दिवशी. अन् हा पोरगा, स्कूटी चालू करता करता, मला काय सांगते? “काका, तो माफ नाही केला त्याला. तो थकून गेला. इतके साल राग धरून त्याचे हात दुखून राहिले असतील.” मराठी पाहा त्याची. घरात बोलतात तेवढीच येते, बाहेर सगळं हिंदी, मग असं होते. हा दुसरा मुद्दा — मराठी बरी नाही. अन् मोठ्या माणसाला शिकवते.

तुम्ही हसून राहिले? हसा. मी फळ्यावर लिहिलं — ‘पाठ उत्तम, शेवट स्वस्त. बरा.’

दुसरी ती दक्षिणेकडची. तिला खाली इंग्रजीत अक्षरं होती, अन् माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून खालची अक्षरं मला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसतात. तर हा माझ्या कानाशी तोंड आणून अडीच तास सगळी फिल्म मराठीत सांगत होता — “आता तो बोलते की माझा बापाला याने मारला, आता ती बोलते की तू इथून चालला जा” — मागची बाई दोनदा ओरडली, तिसऱ्यांदा तिनं मॅनेजर बोलावला. हा उठला, बाईला हात जोडले, म्हणाला दीदी, काकांना दिसत नाही, अन् आम्ही सगळ्यात पुढच्या रांगेत जाऊन बसलो, तिथे कोणी नव्हतं. मान दुखली माझी दोन दिवस. लिहा, माझी मान दुखवली. फिल्म काय होती? वीस वर्षं एक माणूस सूड घ्यायची तयारी करते. विष शिकते, कुलपं उघडायला शिकते, लग्न करत नाही, भात खात नाही. अन् जेव्हा शत्रूच्या घरात घुसते तेव्हा तो शत्रू काय करून राहिला असते? पायात एकच चप्पल, दुसरी पलंगाखाली सरकली, ती काठीनं काढून राहिला असते. हे फार छान होतं. इथे फिल्म संपवायची होती. पण नाही, मग मारामारी, स्लो मोशन, रक्त, चाळीस मिनिटं. बरा. अहो, सूड हातानं घ्यायचाच नसतो. हात काय, हात कोणाचाही चालते. सूड शब्दानं घ्यायचा, तो पण एकाच, तो पण हळू आवाजात, अन् तो पण समोरच्यानं स्वतःहून विचारल्यावर. त्या डायरेक्टरला कोणी सांगितलं नाही. मी सांगू शकलो असतो. मी अठ्ठावीस वर्षं तयारी केली आहे, अन् भातही सोडला नाही.

कशाची म्हणजे? चंद्रशेखर तुमच्याशी बोलला असेल की, शालिग्राम माझा लहानपणचा मित्र. बोलला ना? त्याला तसंच वाटते. आम्ही भेटतो, रामराम होते, ऊन फार आहे, पाणी दोन दिवस आलं नाही — इतकंच. तो फॅक्टरीत लागला, मी ऑफिसात, एका सायकलवर दोघं जायचो. त्या वेळी माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं. मुलगी नरसिंहपूरची, नाव सुहासिनी. हो, तीच. तुमच्या समृद्धीची होणारी सासू — होणारी की नाही ते आपण अजून ठरवायचं आहे. मी तिला एकदाच पाहिली होती. ती पोह्यांची बशी घेऊन आली, अन् माझ्या बशीत लिंबाची फोड नव्हती, तर परत आत जाऊन फोड घेऊन आली. एवढंच. पण विष्णुपंत, इतक्या वर्षांत माझ्या बशीत लिंबू नाही हे कोणाच्या लक्षात... मिक्सर चालू आहे ना? चालू आहे. तर तिचे वडील चौकशीला कोणाकडे गेले? माझ्या जवळच्या मित्राकडे. चंद्रशेखरकडे. मी दाराआड उभा होतो. त्यानं कपातला चहा बशीत ओतला, फुंकर मारली, खिडकीबाहेर पाहिलं — बाहेर एक बकरी होती — अन् बशी तोंडाला लावायच्या आधी म्हणाला, “मुलगा बरा आहे.” असं. इतक्या हळू. मी स्वतः ऐकलं. तिचे वडील उठले. आठ दिवसांत पत्र आलं, जुळत नाही. अन् सहा महिन्यांत त्याच सुहासिनीच्या लग्नात मी बुंदी वाढत होतो, नवरदेवाच्या पंगतीत. नवरदेव कोण ते सांगायची गरज आहे?

ऑफिसातून त्या दिवशी मी इटारसीला गेलेलो होतो, चार दिवसांची ड्यूटी, परत आलो तर — काय? दाराआड? हो, दाराआड होतो ना. इटारसी आधी की नंतर ते आता... ते तारखांचं राहू द्या हो, तुम्ही काय कोर्टातून आले? माणूस दाराआडही असू शकते अन् इटारसीलाही.

पोराला मी जवळून ओळखतो, पुरावा पाहिजे का? पुराव्याशिवाय मी बोलत नाही. प्रतिमा, अगं तो डबा आण गं, बिस्किटांचा, निळा, तिकिटांचा. चहाबरोबर आण. आला की पाहा तुम्ही, बारा वर्षांतलं एक-एक तिकीट ठेवलं आहे मी, मागे पेन्सिलनं शेरा. हा पोरगा तिकीट काढते मोबाइलवर. मी म्हटलं, मला छापील पाहिजे. तर दर शनिवारी खिडकीवर जाऊन रांगेत उभा राहून छापून आणते. एकदा मशीन बिघडलं होतं तर तिथल्या मुलीला सांगून कागदावर हातानं लिहून शिक्का मारून आणला. तोंड वाकडं करत नाही. अशा माणसाचं लग्नानंतर काय होईल? बायको म्हणेल बस तर बसेल, ऊठ तर उठेल. तिसरा मुद्दा. कणा नाही. पॉपकॉर्न खाताना आवाज करते, चौथा. अन् फिल्म संपली तरी उठत नाही, शेवटची सगळी नावं जाईपर्यंत बसून राहते. लाइट लागतात, झाडूवाला येतो, हा बसलेलाच. मी विचारलं, काहून? तर म्हणे, “काका, इतक्या लोकांनी काम केलं, त्यांची नावं कोणीतरी वाचली पाहिजेत ना.” मूर्ख आहे. मतलब, हुशार नाही असं नाही. रेल्वेत सिग्नलच्या खात्यात आहे, परीक्षा देऊन लागला. पण मूर्ख आहे.

आता कालची. अकरा माणसंवाली. ही फिल्म मला आवडणार नाही हे मला पोस्टरवरूनच समजलं होतं — एक बाई, हातात झारा, मागे दोन पुरुष अंधुक. ती बाई मेस चालवते, शंभर पोरांना जेवू घालते, अन् दोन मित्र तिच्यासाठी आयुष्यभर एकमेकांशी बोलत नाहीत. एकाला वाटते दुसऱ्यानं आपल्याबद्दल तिच्या घरी काहीतरी भरवलं. दोन तास ते दोघं भांडतात, समेट करतात, परत भांडतात, म्हातारे होतात, केस पांढरे — विग बरे नव्हते — अन् त्या दोन तासांत एकही माणूस त्या बाईला काही विचारत नाही. मी म्हटलं, बरोबर आहे, बाईला काय विचारायचं, भांडण पुरुषांचं आहे. अन् मग शेवटची दहा मिनिटं. ती भाजी ढवळून राहिली असते, अन् तो पहिला, नकार मिळालेला, तिला एकदाचं विचारते. अन् ती झारा खाली ठेवत नाही हो, ढवळता ढवळता म्हणते, “त्यानं काही नाही सांगितलं. मीच बाबांना नाही म्हणायला लावलं. तुमच्यात काही खोट नव्हती. मला नव्हतं करायचं.” संपलं. अन् भाजीला फोडणी. आता सांगा, हा काय शेवट आहे? दोन तास एका माणसाचा राग पाहायला लावायचा, अन् शेवटी म्हणायचं की तो राग चुकीच्या पत्त्यावर गेला होता? तो माणूस आता काय करेल त्या रागाचं? इतका सांभाळलेला, इतका जपलेला राग, तो काय भाजीत घालेल? मला पटलं नाही. मी म्हटलं हे खोटं आहे, असं कोणी करत नाही, अन् माझ्या डोळ्यातून पाणी आलं, ऑपरेशनचा डोळा आहे तो, एसीनं पाणी येते, अन् या पोरानं खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिला, अन् पडद्याकडे पाहत राहिला, मुद्दाम, मान पण वळवली नाही. तो पाहा रुमाल, दोरीवर वाळून राहिला. चौकडीचा.

रडला एकच म्हणालो का मी? तो आलोकच हो. तोच रडला. रुमाल? रुमाल त्याचा. तो रडला अन् रुमाल मी... तुम्ही मध्येच अडवू नका, लाइन तुटते माझी.

फिल्मा झाल्या. आता तुम्ही विचारा. नाही, तसं नाही, नीट विचारा, जसं विचारायचं असते तसं — तुमच्या तोंडून ऐकायचं आहे मला. ‘आलोक कसा आहे?’ हं. थांबा. चहा येऊ द्या, या उत्तराला चहा लागते. आला. घ्या. डबा पण ठेवला तिनं, छान. आता पाहा. मी चहा बशीत ओततो. अशी फुंकर. खिडकीबाहेर पाहतो — आज बकरी नाही, स्कूटी आहे, चालेल. अठ्ठावीस वर्षं, विष्णुपंत. आरशासमोर म्हणून पाहिलं आहे मी हे, किती जोरात म्हणायचं, किती थांबायचं.

मुलगा बरा आहे.

घ्या. झालं. आता तुम्ही चहा संपवा, उठा, नागपूरला जाऊन काय सांगायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. चंद्रशेखर फोनची वाट पाहील. आज पाहील, उद्या पाहील, फोन उचलून पाहील की बंद तर नाही. सुहासिनी विचारेल, काय झालं हो? तो म्हणेल, कोण जाणे, पत्रिका म्हणतात. अन् त्याला कधीच कळणार नाही की ते दोन शब्द कोणाचे. मला कळलं तसं त्याला कळायलाही नको. हे जास्त चांगलं. यापेक्षा चांगला शेवट कोणत्या फिल्मला नव्हता — तुम्ही चहा प्या ना. डब्यात काय पाहून राहिले? हो, तिकिटं आहेत, पाहा की, मीच म्हटलं पाहा. ते काय काढलं? ते तिकीट नाही. ते ठेवा. ते पिवळं पोस्टकार्ड — तिकीट नाही म्हटलं ना ते, विष्णुपंत, ते खाली असते, अगदी तळाशी, कागदाच्या घडीखाली, ते वर कसं आलं?

प्रतिमा.

मिक्सर कधी बंद झाला?

नाही, तू जाऊ नको. उभी राहा, उभी राहायची असेल तर. केव्हापासून ठाऊक आहे तुला? लग्नाच्या पहिल्या वर्षापासून? अन् दर शनिवारी त्या पोरासाठी वडे तळतेस, ते सगळं ठाऊक असून.

वाचा, विष्णुपंत, आता अर्धं वाचून थांबू नका. अक्षर चांगलं आहे तिच्या वडिलांचं. मला तर पाठ आहे. ‘आपल्या चिरंजीवांचे स्नेही चंद्रशेखर यांनी त्यांच्याविषयी तासभर भरभरून सांगितले. एका मित्राने दुसऱ्याची इतकी वाखाणणी केलेली मी आजवर ऐकली नव्हती. परंतु मुलीची इच्छा नाही, तिच्यापुढे आमचे चालत नाही. क्षमा असावी.’ तासभर. हा माणूस तासभर माझी स्तुती करत होता. मी इटारसीला होतो, खरंच इटारसीला, अन् तो इथे सांगत होता की शालिग्रामसारखा मुलगा शोधून सापडणार नाही, डोळे मिटून द्या. अन् ते म्हातारे ऐकता ऐकता काय विचार करून राहिले होते? की दुसऱ्याबद्दल जो असं बोलतो तो स्वतः कसा असेल. सहा महिन्यांनी त्यांनी त्यालाच विचारलं. अन् त्या वेळी मुलगी नाही म्हणाली नाही. माझी तारीफ करून करून त्यानं स्वतःचं लग्न जमवलं, अन् त्याला आजपर्यंत ठाऊक नाही की कसं जमलं. सांगा आता, यावर सूड कसा घ्यायचा? मित्रानं माझी निंदा केली हे चार लोकांना सांगता येते, लोक च्‌च्‌ करतात, चहा पाजतात. मित्रानं मला शंभरपैकी शंभर दिले अन् तरी मी नापास झालो — हे मी कोणाला सांगू? फळ्यावर लिहू?

तर मी दोन शब्द केले. सुट्टीच्या अर्जात आजी मारायचो तसे. बशी माझी, फुंकर माझी, बकरी माझी. इतक्या वेळा सांगितलं की मलाच ऐकू यायला लागलं.

आता हे कार्ड द्या इकडे. अन् उठा. चंद्रशेखरचं घर मागच्या गल्लीत, हिरवं गेट, चहा तिकडे घ्या, इथला गार झाला. सुहासिनी चहा करते... बरा करते. पोह्यांवर लिंबू मागू नका, ती स्वतः आणेल. डबा राहू द्या, प्रतिमा, मी लावतो परत. निघा, विष्णुपंत. माणसं अकरा होती, रडलो मी, रुमाल त्याचा, ते सगळं खरं. ‘बरा आहे’ हे चंद्रशेखर कधी बोललाच नाही. दोन्ही वेळा ते मीच बोललो, तेव्हाचंही अन् मघाचंही. तेवढंच खोटं. गेट ओढून घ्या, गाय येते.